इमानकुल उस्ताचं माप

११ मे २०१६, बुधवार. सकाळी खिडकीबाहेर शून्याखाली एक. वारा पश्चिमेचा, दुपारी थांबला. शेजारच्या बात्माच्या सुनेच्या, साल्किनच्या, घोड्याची पाठ लागली. मानेमागच्या हाडावर अक्रोडाएवढी जखम, दोन्ही बाजूंना सूज, हात लावू देत नाही. मिठाच्या कोमट पाण्याने धुतली. खोगीर नवं, इमानकुलचं. अंगणात बोलाचाली झाली. आमच्या गाईने साडेतीन लिटर दूध दिलं.

त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. बोलाचाली काय झाली ते मी लिहिलं नाही. लिहिलं असतं, तर त्यात माझंही नाव घ्यावं लागलं असतं.

इमानकुलला मी एकोणपन्नास वर्षं ओळखते. माझे यजमान जुमादिल या खोऱ्याचे गुरांचे डॉक्टर होते. मॉस्कोत शिकताना आमचं लग्न झालं आणि १९६७ च्या शरदात मी, मराठी मुलगी, त्यांच्या या डोंगरातल्या गावात आले. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक किडकिडीत तरुण सुतार आमच्या दारात उभा राहिला आणि जुमादिलला आदराने हाक मारून म्हणाला, "बाइके, तुमच्याकडे पाठ लागलेले घोडे येतात ना? आले की मला हाक मारा. मला जखमा बघायच्या आहेत."

जुमादिल हसले. "जखमा बघून काय करणार? तू शाळेची बाकं करतोस."

"बाकावर बसून कुणाची पाठ सोलवटत नाही. म्हणून कंटाळा आलाय."

सामूहिक शेतावर तेव्हा खोगिरं शहराच्या कारखान्यातून यायची. सगळी एका मापाची. घोडे मात्र एका मापाचे नव्हते, त्यामुळे दर उन्हाळ्यात दहा-बारा घोडे लागलेली पाठ घेऊन आमच्या अंगणात उभे असत. इमानकुल येई, घोड्याच्या भोवती तीनतीनदा फिरे, जखमेच्या कडेला बोटं ठेवून डोळे मिटे. त्याचे वडील खोगिरं करत, पण तो नऊ वर्षांचा असतानाच ते गेले. शिकवायला कुणी नव्हतं. जखमांवरून तो उलटा शिकला. खोगीर कुठे चुकतं ते आधी, कसं करायचं ते नंतर.

पुढे जुमादिल शेताच्या अध्यक्षांकडे गेले आणि इमानकुलला खोगिरं करायची परवानगी मिळाली. कागदावर मात्र 'शेतीची लहान अवजारं' असं लिहावं लागे. इमानकुल लोकांना सांगायचा, "मी फावडी करतो. फक्त माझ्या फावड्यावर बसता येतं."

त्याची पद्धत मी इतक्या वेळा बघितली आहे की मला ती पाठ आहे. वाळुंजाच्या तीन ओल्या काठ्या घ्यायच्या. एक मानेमागच्या हाडावर, एक पाठीच्या मध्यावर, एक कमरेपाशी, अशा घोड्याच्या अंगावरून वाकवायच्या आणि त्या वाकात दोरा बांधून ठेवायच्या. त्यावरून भूर्जाच्या लाकडाचा सांगाडा तासायचा. वर ओलं कातडं ताणून शिवायचं, सावलीत वाळवायचं. हे सगळं दुसरेही कारागीर करतात. इमानकुलचं वेगळेपण एकच होतं. तो माप फक्त वसंतात घ्यायचा.

आमचे घोडे हिवाळाभर बर्फ उकरून गवत खातात. शरदात त्यांची पाठ दुलईसारखी गोल असते आणि एप्रिलमध्ये त्याच पाठीवर मानेमागचं हाड कुऱ्हाडीच्या पात्यासारखं वर येतं. गोल पाठीवर मापलेलं खोगीर तशा घोड्यावर ठेवलं की खाली बसतं आणि पुढची कमान थेट हाडावर टेकते. म्हणून इमानकुल कितीही मोठा माणूस आला तरी शरदात काठ्या हातात घेत नसे. "आत्ता घोडा चरबी दाखवतोय," म्हणायचा. "मला हाड बघायचंय. बर्फ वितळला की या." वसंताच्या मापाचं खोगीर शरदात थोडं वर राहतं, पण त्याने घोडा दुखावत नाही.

आणि याच जोरावर तो चाळीस वर्षं एक बढाई मारत आला. माझ्या खोगिराने ज्या दिवशी घोड्याची पाठ खाल्ली, त्या दिवशी वाकस नदीत. वाकस म्हणजे त्याची लाकूड तासायची, वडिलांची. लग्नात, बाजारात, शर्यतीच्या मैदानावर, जिथे चार माणसं जमतील तिथे त्याने हे म्हटलं होतं. साऱ्या खोऱ्याला ते माहीत होतं.

आता तो अठ्ठ्याहत्तरचा आहे. दोन्ही मुलं रशियात. हाताखाली कुणी शिकलं नाही. वर्षाला तीन-चार खोगिरं करतो, आणि ती मिळवायला माणसं दोन डोंगर ओलांडून येतात.

मागच्या वर्षी एक गोष्ट झाली, तिला सगळे हसले. इमानकुल घोड्यावरून आठवडी बाजारात गेला आणि पायी परत आला. घोडा बाजारातल्या खुंटाला बांधलेला तसाच. आमच्याकडे माणूस टोपी विसरेल, बायको विसरेल, पण घोडा विसरत नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी घोडा आणून दिला तेव्हा इमानकुल म्हणाला, "त्याला बाजार आवडला होता. म्हटलं, राहू दे एक दिवस." मीही हसले. वहीत लिहिलंही तसंच, गंमत म्हणून.

साल्किनने खोगीर सांगितलं ते त्याच वर्षीच्या शरदात. तिचा नवरा मॉस्कोत बांधकामावर आहे. घरात सासू बात्मा आणि दीडशे मेंढ्या. मेच्या अखेरीला मेंढ्या घेऊन वरच्या कुरणावर जायचं ते साल्किनलाच, आणि तिच्याकडे बसायचा घोडा एकच, तोरू. तोरू म्हणजे तांबूस-काळा. आमच्याकडे घोड्याचा रंग हेच त्याचं नाव. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी नवं खोगीर आलं. ८ तारखेला ती चुकलेल्या मेंढ्या शोधायला दिवसभर वर गेली, ९ ला पुन्हा, आणि १० च्या संध्याकाळी तोरूने पाठीला हात लावू दिला नाही.

११ ला सकाळी बात्माने इमानकुलला बोलावलं. तिचं आणि माझं अंगण एकच, मध्ये गुडघाभर उंचीची भिंत. चार-पाच शेजारी आधीच येऊन उभे होते. घोड्याचं काही झालं की आमच्याकडे हाक मारावी लागत नाही.

"बघा, उस्ता," बात्मा म्हणाली. उस्ता म्हणजे कारागीर. त्याला सगळे तेच म्हणतात. "नवं खोगीर आणि नवी जखम, दोन्ही दहा दिवसांत आली घरात."

इमानकुलने नेहमीसारखी बोटं ठेवली, डोळे मिटले. बराच वेळ ठेवली. सूज इतकी पसरली होती की जखम आधी हाडावर झाली की आजूबाजूला, ते आता कळण्यासारखं नव्हतं.

"गरम आहे. मऊ आहे," तो म्हणाला. "घाम वाळायच्या आत खोगीर उतरवलंय. पाठीला वारा लागला, सूज आली, आणि दुसऱ्या दिवशी सुजेवर खोगीर चढवलं. खोगिराचा काय दोष?"

इथल्या माणसाला यापेक्षा मोठा ठपका नाही. घोडा दमून आला की पोटाखालचा तंग दोन बोटं सैल करायचा, डोकं उंच बांधायचं, आणि पाठ खालून वाळेपर्यंत खोगिराला हात लावायचा नाही, हे आमची पाच वर्षांची पोरं सांगतात. अडतीस वर्षांच्या बाईला ते ऐकवणं म्हणजे तिला घोडा बांधता येत नाही असं म्हणणं.

साल्किनचा चेहरा लाल झाला. पण इमानकुल तिच्या सासऱ्यांच्या भावकीतला. सुनेने त्याचं नावही घ्यायचं नसतं, तोंडावर उत्तर देणं तर दूरच. तिने उत्तर घोड्याला दिलं.

"तोरू, तूच सांग रे. दोन्ही दिवस मी तुझ्याशेजारी दगडावर बसून राहिले की नाही? चहा गार झाला, सासूबाई ओरडल्या, तरी तुझी पाठ वाळेपर्यंत उठले का?"

"घोड्याशी काय बोलतेस?" बात्मा म्हणाली. "माणसं विचारतायत."

"माणसांना उत्तर द्यायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत ना, आई?"

भिंतीपलीकडून कुणीतरी खुदकन हसलं. बात्मालाही ते लागलं असावं, कारण ती सुनेला सोडून इमानकुलकडे वळली. "बरं, माझी सून खरं बोलते असं धरू. मग उस्ता, तुम्ही काय म्हणायचात? पाठ खाल्ली की वाकस नदीत? यंदा नदीला पाणी भरपूर आहे हो."

आता सगळेच हसले. इमानकुल हसला नाही. त्याने घोड्याच्या पाठीवरून हात काढला, तो हात कोटाला पुसला आणि माझ्याकडे बघितलं.

"मी एप्रिलमध्ये या अंगणात माप घेतलं," तो म्हणाला. "बर्फ वितळत होता. चिखल होता. तीन काठ्या वाकवल्या. जेंगेंनी भिंतीवरून बघितलंय, त्या सगळं लिहून ठेवतात. काय जेंगे?"

जेंगे म्हणजे वहिनी. तो मला पन्नास वर्षं तेच म्हणतो.

"बघावं लागेल," मी म्हणाले.

ते खोटं होतं. मला बघावं लागणार नव्हतं.

घरात येऊन मी गेल्या वर्षीची वही काढली, कारण आपल्या आठवणीवर विसंबून एखाद्याचं आयुष्य मोडू नये एवढं मला कळत होतं. २९ ऑक्टोबर २०१५, गुरुवार. 'इमानकुल बात्माकडे आला. साल्किनच्या तोरूचं तीन काठ्यांनी माप घेतलं. मी विचारलं, शरदात कसं काय? म्हणाला, लाकूड हिवाळ्यात घरात तासून ठेवतो, अंदाजाने. खरं माप बर्फ गेल्यावर. घोडा ढोलासारखा झाला आहे. त्याच्या झुराने पदरांची कट्टमा पोळी पाठवली, लोणी जास्त.'

मग या वर्षीची वही. मार्च. एप्रिल. एकेक दिवस बघितला. इमानकुल करवत मागायला आला होता, बटाट्याचं बियाणं द्यायला आला होता, १७ एप्रिलला तासलेला सांगाडा खांद्यावर घेऊन मला दाखवायला आला होता. काठ्या घेऊन तो त्या अंगणात एकदाही आला नव्हता.

खरं तर एप्रिलमध्ये मला हे सुचायला हवं होतं. सांगाडा दाखवला त्या दिवशीच मी विचारायला हवं होतं की उस्ता, माप कधी घेतलंत? मी त्याला चहा दिला आणि लाकडाचं कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी इमानकुल सकाळीच आला. उंबऱ्यातच उभा राहिला. "सापडलं का, जेंगे?"

"अजून नाही. वह्या बऱ्याच आहेत."

"एप्रिलचीच तर बघायची आहे."

"चष्म्याची काडी मोडलीय."

त्याने माझ्या नाकावरच्या चष्म्याकडे बघितलं. पाव चाखल्याशिवाय दारातून परतायचं नाही, या रिवाजाप्रमाणे एक तुकडा तोडून तोंडात टाकला आणि गेला. त्या दिवशी मी वहीत चष्म्याचं काही लिहिलं नाही. वहीत मी आजवर खोटं लिहिलेलं नाही, पण गाळलेलं पुष्कळ आहे.

१३ ला साल्किन आली. तोरूच्या पाठीची पट्टी बदलायला मीच बोलावलं होतं. जखम धुताना तिने घोड्याचं डोकं धरलं होतं. मग म्हणाली, "आपा," म्हणजे ताई, "थोरल्या दिरांकडे घोडा मागितला होता. उन्हाळ्यापुरता."

"मग?"

"म्हणाले, ज्या हाताने तोरूची पाठ घालवली त्या हातात मी माझा घोडा देऊ? जाऊबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मी एकटीने चौदा हिवाळे मेंढ्या सांभाळल्या. आपा, मला एवढंच सांगा, मी तुम्हाला तशी वाटते का?"

"नाही वाटत," मी म्हणाले.

"मग बोलत का नाही?"

वहीत काय आहे याची तिला कल्पना नव्हती. तिने सहज विचारलं. पण मला तिच्यासमोर बसवेना. पट्टी बांधली, हात धुतले आणि दोन्ही वह्या पिशवीत घालून इमानकुलच्या घरी निघाले.

झुरा, त्याची बायको, दाराबाहेर दूध गाळत होती. तिने पिशवीकडे बघितलं आणि गाळणं खाली ठेवलं.

"जेंगे, वाचू नका."

"तुला माहीत आहे काय आहे ते?"

"मला हिवाळ्यापासून माहीत आहे." ती हळू बोलत होती, आत ऐकू जाऊ नये म्हणून. "सकाळी उठले की मी मोठ्याने म्हणते, आज अमुक वार, आज तमुक करायचं. स्वतःशी बोलल्यासारखं. ते ऐकतात आणि मग बाहेर जाऊन तेच दुसऱ्याला सांगतात. कुणाला कळत नाही. खोगिराचं मात्र माझ्या हातून निसटलं. मला वाटलं, त्यांनी माप घेतलं असेल. त्या बाबतीत ते कधी चुकले नव्हते."

"साल्किनला लोक बोलतायत, झुरा."

"बोलू देत. ती तरुण आहे. दोन वर्षांत विसरतील. यांच्याकडे दोन वर्षं आहेत का? हातातली वाकस गेली तर हे दिवसभर काय करणार? भिंतीकडे बघत बसणार. आणि मग लवकर..." तिने गाळणं पुन्हा उचललं. "तुमच्या वहीत तुम्हीच लिहिता. तुमच्याशिवाय ती लिपी इथे कुणाला येते? नाही सापडलं म्हणा."

मी परतले असते. मला तेच हवं होतं, कुणीतरी परत पाठवावं. पण आतून आवाज आला, "झुरा, कोण आहे? जेंगे असतील तर बाहेर का उभ्या केल्यास?"

तो कामाच्या खोलीत होता. समोर एका नव्या सांगाड्याची कमान, मांडीवर वाकस. खाली लाकडाचे पातळ, गुंडाळलेले तुकडे पडले होते, सगळे सारख्या जाडीचे. हाताला काही झालेलं नव्हतं.

"चष्मा दुरुस्त झाला वाटतं," तो म्हणाला.

"झाला."

"मग वाचा."

"उस्ता, त्याने काय होणार? घोडा महिन्याभरात बरा होईल."

"घोड्याचं मी विचारत नाहीये. घोडा होईल बरा. मी त्या अंगणात आलो होतो, चिखल होता, माझे बूट भरले होते, हे मला दिसतंय, जेंगे. तुम्ही समोर दिसताय तसं. तुमच्या वहीत ते असलं तर मी ठीक आहे. वाचा."

मी ऑक्टोबरची नोंद वाचली. आधी मनात मराठीत, मग त्यांच्या भाषेत, एकही शब्द न गाळता. कट्टमेतलं जास्तीचं लोणीसुद्धा.

"पुन्हा एकदा," तो म्हणाला. पुन्हा वाचली.

"हे अंदाजाचं माप. बरोबर. मी तसं म्हणालो असेन. आता एप्रिल."

"एप्रिलमध्ये नाही."

"नीट बघा."

"तीनदा बघितलं."

"मला वाचून दाखवा. सगळा."

तेव्हा मी सगळा एप्रिल वाचला. १ ला बर्फ. २ ला गाय व्यायली. ५ ला तुम्ही करवत न्यायला आलात. ७ ला पाव करपला. ११ ला बटाट्याचं बियाणं. झुरा दारात येऊन उभी राहिली. प्रत्येक तारखेला तो मान हलवायचा, जणू पुढच्या तारखेला तो स्वतः येणार होता. १७ ला सांगाडा दाखवायला आलात, 'लाकूड सुंदर, एकही गाठ नाही'. त्यानंतर १८, १९, २०. ३० तारीख संपली तेव्हा मी वही मिटली.

"म्हणजे त्या पाठीवर वसंतात मी हात ठेवलाच नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मग तो चिखल?"

"असेल दुसऱ्या कुठल्या वर्षीचा."

"हं." त्याने वाकस मांडीवरून उचलून बाजूला ठेवली. आदळली नाही, काही नाही. रोज संध्याकाळी ठेवतो तशीच, पातं भिंतीकडे. मग झुराकडे बघून म्हणाला, "तुला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"रोज सकाळी वार सांगतेस. पन्नास वर्षं कधी सांगितला नव्हतास."

झुरा रडली नाही. म्हणाली, "मग आता तुम्हीच सांगत जा मला," आणि दूध उतू जातंय म्हणून बाहेर गेली. चुलीवर दूध नव्हतं.

तो त्याच वेळी बात्माकडे गेला. मी मागे होते. अंगणात बात्मा होती, थोरला दीर मेंढ्यांचं काहीतरी बोलायला आला होता, आणि साल्किन तोरूला खरारा करत होती, पाठ सोडून, फक्त मानेला आणि पायांना. इमानकुलने आपला करडा घोडा बरोबर आणला होता, खोगीर चढवलेला.

"खोगीर चुकीचं आहे," तो म्हणाला. "मी शरदातल्या मापावर केलं. वसंतात माप घ्यायचं विसरलो. सुनेने घोडा नीट बांधला होता. पाठ घालवली ती मी."

वाकस आणि नदी हे शब्द बात्माच्या ओठांवर आलेले मला दिसले आणि तिने ते गिळले, हेही दिसलं. ती एवढंच म्हणाली, "बसा, उस्ता. चहा घ्या."

"हा घोडा हिने न्यायचा. उन्हाळाभर. त्याची पाठ आणि त्याचं खोगीर एकमेकांना ओळखतात."

थोरला दीर पुढे झाला. वडीलधाऱ्यांना इथे आके म्हणतात. "आके, तुम्ही काय करणार मग? पायी हिंडणार? या वयात?"

"मला कुठे जायचंय?"

साल्किनने खरारा खाली ठेवला. मला वाटलं, ती आभार मानेल. पण ती घोड्याकडे न बघता सरळ त्याच्याकडे बघून बोलली, रिवाज सोडून. "तीन दिवस मला लोक हसले, आके. उद्यापासून हसायचे थांबतील का? तुम्ही चूक म्हणालात म्हणून?"

"नाही थांबणार लगेच," इमानकुल म्हणाला. "आता मला हसतील. तुला थोडी मोकळीक मिळेल."

"मला तसली मोकळीक नको होती."

"माहीत आहे, पोरी."

तिने लगाम घेतला. तो चहा न घेता पायी घरी गेला. गावातून पायी जाणारा म्हातारा बघून दोन ठिकाणी लोक दारात आले.

पुढचे दिवस मी रोज त्याच्या घरावरून जाताना कान दिला. लाकडाचा आवाज नव्हता. अर्धवट कमान तशीच होती. वाकस नदीत गेली नाही. तो विषय कुणी काढलाही नाही. दोन डोंगरांपलीकडून एक माणूस सांगितलेलं खोगीर न्यायला आला होता, त्याला झुराने सांगितलं, उस्तांचे डोळे दुखतात. त्या माणसाने बाहेर बसून चहा घेतला आणि रिकाम्या हाताने गेला. मी झुराकडे दोनदा गेले. तिने मला बसायला सांगितलं, पाव पुढे ठेवला, बोलली मात्र कमी. मी तिला दोष देत नाही. रात्री अंथरुणावर मी तिची बाजू घेऊन स्वतःशी भांडते, आणि सकाळी साल्किन दिसली की माझं उत्तर बदलतं. वही वाचली नसती तर काय झालं असतं, ते मला ठरवता आलेलं नाही.

२५ मेला साल्किन निघाली. मेंढ्या पुढे, दोन कुत्री, गाढवावर तंबूचं सामान, आणि ती करड्या घोड्यावर. तोरू दोराने मागे, पाठ उघडी. जखमेवर नवी कातडी धरत होती. तिथे आता पांढरे केस येतील आणि ते कायम राहतील. पुलापर्यंत बायका निरोप द्यायला गेल्या होत्या. इमानकुलही आला, पायी, काठी घेऊन. साल्किनने पुलावर घोडा थांबवला, वाकून त्याला काहीतरी म्हणाली, आणि तो हसला. नंतर मी विचारलं, काय म्हणाली? तर म्हणाला, "शरदात उतरले की माप घ्यायला या, म्हणाली. मी म्हटलं, शरदात माप घेत नाहीत."

मला बरं वाटलं. आम्ही दोघं बरोबरच परत निघालो. धूळ अजून रस्त्यावर होती. अर्ध्या वाटेत तो थांबला, मागे वळून कळपाकडे बघितलं, डोळ्यांवर हात धरला. बराच वेळ बघत राहिला.

"जेंगे," तो हळूच म्हणाला, कुणी ऐकू नये अशा बेताने, "ती बाई माझा करडा घेऊन कुठे चाललीय?"

"वरच्या कुरणावर. उन्हाळ्यापुरता. तुम्हीच दिलात."

"मी दिला?"

"हो. तिचा घोडा दुखावलाय म्हणून."

त्याने विचार केला. कशाने दुखावला, असं तो विचारेल म्हणून मी वाट बघत होते. आणि विचारलंच तर काय सांगायचं, ते माझ्याकडे तयार नव्हतं.

"बरं केलं मी," तो म्हणाला, आणि काठी टेकत पुढे चालू लागला.

त्या संध्याकाळी वहीत एवढंच लिहिलं: कणकेचं पोतं अर्ध्यावर आलं. उंदराने खालच्या बाजूला भोक पाडलं होतं, ते शिवलं.